यलो फिव्हरचं कार्ड: जाताना नाही, परत येताना लोक अडकतात

आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत नोकरीला, धंद्याला, फिरायला नाहीतर जहाजावर निघालेल्या माणसाला व्हिसा, तिकीट, डॉलर सगळं लक्षात असतं आणि पीतज्वराची, म्हणजे यलो फिव्हरची लस मात्र शेवटच्या आठवड्यात आठवते. मी काही वर्षं एका सरकारी लसीकरण केंद्रात नर्स होते, त्यामुळे हे रोज बघितलंय. उद्या रात्रीची फ्लाइट आहे मॅडम, आज इंजेक्शन द्या आणि तारीख जरा मागची टाका, असं म्हणणारा एक तरी माणूस रोज यायचाच. इंजेक्शन आम्ही द्यायचो. मागची तारीख कधीच टाकली नाही आणि ती का टाकत नाहीत हे समजून घेतलंत तर बाकीची सगळी प्रोसेस आपोआप कळेल.

आधी दहा दिवसांचं गणित. लस घेतल्यावर जे कार्ड, म्हणजे लस घेतल्याचं सर्टिफिकेट मिळतं, ते लगेच चालू होत नाही, दहा दिवसांनी होतं. म्हणजे १ जूनला इंजेक्शन घेतलं तर कार्ड ११ जूनपासून व्हॅलिड. हे कुणी ऑफिसात बसून ठरवलेलं नाही, अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला बहुतेकांना तेवढे दिवस लागतातच. म्हणून तिकीट बुक केलं की त्याच आठवड्यात लसीची अपॉइंटमेंट घ्या, निदान तीन आठवडे हाताशी ठेवा, कारण अपॉइंटमेंट त्याच दिवशी मिळेल याची खात्री नसते.

आता शीर्षकातली गोष्ट. लोकांना वाटतं हे कार्ड केनियावाले, नायजेरियावाले मागतात म्हणून घ्यायचं. काही देश मागतात हे खरंच आहे, पण सगळ्यात कडक मागणी आपल्याच देशाची आहे. पीतज्वर असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि व्हॅलिड कार्ड नसेल, तर एअरपोर्टचा हेल्थ ऑफिसर तुम्हाला क्वारंटाइनमध्ये ठेवतो, डास आत येणार नाहीत अशा जाळीबंद जागेत. त्या देशातून निघाल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत किंवा तुमचं कार्ड व्हॅलिड होईपर्यंत, जे आधी होईल तोवर. घरचे लोक मुंबई एअरपोर्टबाहेर गाडी घेऊन उभे आणि माणूस आत अडकलेला, त्यावेळी रडून, ओळख सांगून, नेत्याचा फोन लावून काही होत नाही आणि होऊही नये असं माझं मत आहे.

का होऊ नये ते सांगते. पीतज्वराचा विषाणू ज्या डासामार्फत शहरात पसरतो तो एडिस इजिप्ती, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा तोच डास. कूलरच्या पाण्यात, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत होणारा. डास आपल्याकडे भरपूर आहे आणि लस घेतलेली माणसं जवळपास नाहीतच, फक्त विषाणू तेवढा आलेला नाही. भारतात आजवर हा आजार आढळलेला नाही आणि तो तसाच बाहेर ठेवायचा म्हणून हा सगळा बंदोबस्त. चावल्यापासून आजार दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, सहा दिवसांचा क्वारंटाइन तिथूनच आला. २०१६ मध्ये काय झालं बघा, अंगोलात लुआंडा शहरात मोठी साथ चालू होती, तिथे कामाला असलेले चिनी कामगार लस न घेता मायदेशी परतले आणि चीनमध्ये ११ रुग्ण सापडले. आशियात पहिल्यांदाच हा आजार असा येऊन पोचला. सुदैवाने पुढे पसरला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात सप्टेंबरमध्ये मुंबईत असा एक रुग्ण तापात घरी झोपलेला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तर लस कुठे मिळते? फॅमिली डॉक्टरकडे नाही. कुठल्याही खासगी दवाखान्यात टोचून घेतली आणि कागद आणला तर तो चालत नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातलीच लस आणि तिथलाच शिक्का लागतो. मुंबईत सहारला एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आहे, कुलाब्याकडे पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आहे, परळचं केईएम आहे, पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेज आहे, गोव्यातल्या लोकांसाठी मुरगाव बंदराची पोर्ट हेल्थ आहे. पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर मिळते आणि निघण्याआधी फोन करून स्टॉक आहे का, वार कुठला, अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची का, हे विचारूनच जा. कोल्हापूर-सावंतवाडीहून रात्रभर एसटीने येऊन आज लस नाही हे ऐकलेली माणसं मी बघितलीत, फार वाईट वाटायचं. असं का होतं तर ही लस पावडर स्वरूपात येते, एका बाटलीत अनेकांचे डोस असतात आणि एकदा पाणी मिसळलं की सहा तासांत संपवावी लागते, उरली तर फेकून द्यायची. जगात ही लस बनवणारे मोजकेच कारखाने आहेत, त्यामुळे एका माणसासाठी बाटली फोडणं परवडत नाही. म्हणून वार आणि वेळ ठरलेली असते.

कागदपत्रं फार नाहीत. ओरिजिनल पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स, हे नक्की. तिकीट किंवा व्हिसाची प्रिंट काही केंद्रं बघतात, जवळ ठेवा. जहाजावरच्या लोकांनी सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक पण न्यावं. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि काही मोठा आजार असेल तर त्याची फाइल. वय साठच्या वर असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून लस घ्यायला हरकत नाही असं लिहून आणा, कारण या वयात पहिल्यांदाच घेतली तर गंभीर त्रास होण्याची शक्यता, कमी असली तरी, तरुणांपेक्षा जास्त असते. माझ्या वेळी सरकारी फी ३०० रुपये होती, आताची फोनवर विचारून घ्या.

कुणाला देत नाहीत हे नीट वाचा, इथे लपवाछपवी करू नका. ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेला माणूस, थायमस ग्रंथीचा आजार असलेला, कॅन्सरची केमो किंवा जास्त डोसची स्टिरॉइड चालू असलेला, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खाली गेलेला, यांना ती देत नाहीत. गरोदर बाई आणि अंगावर दूध पाजणारी आई यांच्या बाबतीत डॉक्टर धोका तोलून ठरवतात, त्यामुळे तोंडाने सांगा, टेबलासमोर लाजून गप्प बसू नका. एक ताई नवऱ्यासमोर काही बोलली नाही आणि बाहेर जाताना हळूच विचारलं की दिवस गेलेले असले तर चालतं का. तेव्हापासून मी बायकांना आधी एकटीला बाजूला घेऊन विचारायचे. गोवरासारखी दुसरी जिवंत लस नुकतीच घेतली असेल तर तेही सांगा, दोन्ही एकाच दिवशी घेतात नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवतात.

लस घेताच येत नसेल तर डॉक्टर तसं मेडिकल कारणाचं पत्र इंग्रजीत लिहून देतात. पण ते पत्र म्हणजे कार्ड नाही. समोरचा देश ते मानेलच असं नाही आणि परतताना आपला हेल्थ ऑफिसर तरीही क्वारंटाइन करू शकतो. शक्य असेल तर असा प्रवासच टाळा.

टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. दोन-चार दिवसांनी अंग दुखणं, बारीक ताप येऊ शकतो. महिनाभर रक्तदान करू नका. आणि केंद्रातून बाहेर पडायच्या आत कार्ड वाचा. नाव पासपोर्टसारखंच आहे का, पासपोर्ट नंबरचा आकडा चुकलाय का, जन्मतारीख, लसीचा बॅच नंबर, डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का. खाडाखोड असलेलं किंवा अर्धवट भरलेलं कार्ड बाद होऊ शकतं. हे पाच मिनिटांचं काम आहे पण नव्वद टक्के लोक कार्ड न बघताच खिशात टाकून जातात.

ट्रान्झिटवाल्यांचे प्रश्न सगळ्यात जास्त असायचे. समजा तुम्ही जोहान्सबर्गला चाललात, साउथ आफ्रिका पीतज्वर असलेल्या देशांच्या यादीत नाही, पण फ्लाइट नैरोबीहून किंवा आदिस अबाबाहून बदलते आणि केनिया-इथिओपिया दोन्ही यादीत आहेत. आपल्या नियमात, पूर्ण वेळ एअरपोर्टच्या आतच थांबलात तर सूट आहे, पण हेल्थ ऑफिसरला पटलं तर. त्याच्या मर्जीवर कशाला राहायचं, कार्ड काढूनच जा. जहाजाचंही तसंच आहे, मागच्या ३० दिवसांत जहाज अशा देशाच्या बंदराला लागलं असेल आणि नियमाप्रमाणे डासनाशक फवारणी झालेली नसेल तर उतरणाऱ्या माणसाकडे कार्ड मागतात. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली कितीतरी पोरं मर्चंट नेव्हीत आहेत, जॉइन होताना माहीत नसतं की जहाज सहा महिन्यांत ब्राझीलमधल्या सान्तोसला लागणार का नायजेरियातल्या लागोसला, म्हणून त्यांनी तर हे आधीच उरकून टाकावं.

एजंट घरबसल्या कार्ड करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. कागद मिळेल, संरक्षण मिळणार नाही, आणि गंभीर पीतज्वर झाला, कावीळ आणि रक्तस्राव सुरू झाला की त्यावर नेमकं औषध नाही.

ज्यांच्याकडे जुनं कार्ड आहे आणि त्यावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली आहे त्यांनी पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. ११ जुलै २०१६ पासून जगभर हे कार्ड आयुष्यभर चालतं, आधीची कार्डंसुद्धा. पासपोर्ट नवीन झाला असेल तर कार्डावर जुना नंबर असतो, म्हणून जुन्या पासपोर्टची झेरॉक्स कार्डालाच जोडून ठेवा. हरवलं तर ज्या केंद्रात लस घेतली तिथेच जावं लागतं, त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद असेल तर डुप्लिकेट मिळू शकतं, त्यामुळे केंद्राचं नाव, तारीख आणि बॅच नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक फोटो घरच्यांनाही पाठवून ठेवा.