फुललेला शिंपला आणि आ वासलेला शिंपला

रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, पहिल्यांदा ट्रायडॅक्ना हा रंगीत झालरीचा समुद्री शिंपला घेणारा माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. दुकानातले दोन्ही शिंपले उघडे दिसतात, म्हणून दोन्ही ठणठणीत वाटतात. खरं तर एक फुललेला असतो आणि दुसऱ्याने नुसताच आ वासलेला असतो.

फुललेल्या शिंपल्याची रंगीत मांसल झालर कवचाच्या काठावरून बाहेर ओसंडते. त्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि शिंपल्याला पोसतं. म्हणूनच धडधाकट शिंपला झालर होईल तितकी पसरून बसतो. आ वासलेल्याची झालर मात्र आक्रसलेली असते, आणि पाणी आत घेणारी फट, जी एरवी अरुंद चिरेसारखी दिसते, ती ताणून एवढी मोठी होते की आतले कल्ले सरळ दिसतात. नुकताच प्रवास करून आलेला शिंपला कधीकधी असा राहून सावरतो. त्यामुळे तो कधी आला ते विचारा, आणि आठवडाभर दुकानातच राहू द्या.

खात्री करायची तर त्याच्यावर हाताची सावली पाडा. निरोगी शिंपला झटकन झालर आत ओढतो. बाजारात तिसऱ्या घेताना उघडी शिंपली टिचकी मारल्यावर मिटते का, ते आपण बघतोच, तसंच हे. पण एकदाच करा, कारण वारंवार सावली पडली की निरोगी शिंपलाही तिची दखल घेईनासा होतो.

झालर मधोमध पांढुरकी पडली असेल तर शैवाल गेलेलं आहे, तो नको. कवचाच्या वरच्या काठाला स्वच्छ पांढरी कड असेल तर वाढ चालू आहे. कवचाच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्यासारख्या गोगलगायी आहेत का तेही पाहा. त्या शिंपल्याचा रस शोषतात आणि बहुधा रात्री बाहेर पडतात.

भारतात असाल तर एक लक्षात ठेवा: इथल्या समुद्रातली मॅक्सिमा ही ट्रायडॅक्नाची जात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे. लक्षद्वीपहून आणलाय असं दुकानदार म्हणाला तर त्या दुकानातून निघा. परदेशात असाल तर पैदास केंद्रात वाढवलेलाच मागा.

आणि मॅक्सिमा किंवा क्रोशिया जातीचा शिंपला घेताना दुकानदाराच्या हाताकडे लक्ष असू द्या. हे शिंपले खालच्या बाजूने चिवट धाग्यांनी दगडाला चिकटलेले असतात. ओढून काढला तर धाग्यांच्या मुळाशी असलेली ग्रंथी फाटते आणि वरून फुललेला शिंपलाही मरतो. दगडासकट द्या म्हणावं.