ठोकळ्यांच्या मोटारी आणि एका वर्गमुळाची पकड

घरी आलेल्या पाहुण्याने कपाटावर मांडलेली, प्लास्टिकच्या जोडठोकळ्यांची मोटार पाहिली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही ओरिजिनल आहे की डुप्लिकेट? प्रश्नात गैर काही नाही, कारण घड्याळापासून स्कूटरच्या सुट्या भागांपर्यंत सगळीकडे आपण तोच विचारत आलो आहोत. परंतु या ठोकळ्यांच्या बाबतीत त्याचे खरे उत्तर 'दोन्हीही नाही' असे असू शकते, हे समजावून सांगताना माझी नेहमीच तारांबळ उडते. माझ्याकडे शेजारी शेजारी दोन मोटारी उभ्या आहेत. एक लेगो या डॅनिश कंपनीची आहे आणि दुसरी तिच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळालेली, एका वेगळ्या कंपनीची. दोन्हींचे तुकडे एकमेकांत बसतात आणि ठोकळ्याच्या माथ्यावरच्या गोल उंचवट्यांमधले, म्हणजे बटणांमधले, अंतर मोजपट्टीला तरी सारखेच दिसते. तरीही पहिल्या मोटारीचे दार उघडले की जिथे सोडावे तिथे थांबते, आणि दुसरीचे दार एखाद्या दमलेल्या माणसासारखे हळूहळू खाली कलते. या कलण्यामागे जे शास्त्र आहे ते मला मोटारीपेक्षाही अधिक आवडते, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

आधी 'ओरिजिनल' शब्दाचा निकाल लावू. ओले कर्क क्रिस्टियनसन या सुताराने 1932 मध्ये डेन्मार्कमधील बिलुंड येथे लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली, आणि 1949 मध्ये त्याच्या कंपनीने जे पहिले प्लास्टिकचे जोडठोकळे बाजारात आणले ते हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराच्या किडिक्राफ्ट ठोकळ्यांवर बेतलेले होते. म्हणजे मूळ कल्पना आजच्या 'ओरिजिनल'ची नव्हतीच. त्या जुन्या ठोकळ्यांना खालून पोकळी होती आणि आत काहीच नव्हते, त्यामुळे ते एकमेकांवर बसत, पण धरून ठेवत नसत. लेगोचे स्वतःचे खरे योगदान म्हणजे ठोकळ्याच्या पोटातल्या नळ्या, आणि त्यांच्या पेटंटसाठी 28 जानेवारी 1958 रोजी अर्ज झाला. हे मूळ पेटंट 1978 मध्ये संपले. पुढे आठ बटणांच्या ठोकळ्याचा आकारच ट्रेडमार्क म्हणून राखून ठेवण्याचा कंपनीचा प्रयत्न 2010 मध्ये युरोपीय न्यायालयाने फेटाळला, कारण तो आकार सजावटीचा नसून काम करणारा आहे आणि काम करणाऱ्या आकारावर कोणाचीही कायमची मालकी असू शकत नाही. त्यामुळे तसाच ठोकळा बनवणे ही चोरी नाही. दुसऱ्याच्या संचाची रचना, खोके आणि नाव जसेच्या तसे उचलणे ही मात्र चोरी आहे, आणि लेपिन नावाने ती उघडपणे करणाऱ्या चिनी टोळीवर शांघाय पोलिसांनी 2019 मध्ये धाड घातली व पुढच्या वर्षी तिला शिक्षाही झाली. पोलंडची कोबी किंवा चीनची काडा या ठोकळे बनवणाऱ्या कंपन्यांना त्या माळेत ओवणे अन्यायाचे आहे.

आता मुद्द्याकडे. शेजारच्या दोन बटणांच्या केंद्रांमधले अंतर 8 मिलिमीटर असते आणि बटणाचा व्यास 4.8 मिलिमीटर. चार बटणांचा चौरस डोळ्यांसमोर आणा. त्याचा कर्ण पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे 8 गुणिले दोनचे वर्गमूळ, म्हणजे 11.31 मिलिमीटर भरतो. कर्णाच्या दोन टोकांना बटणांच्या दोन त्रिज्या, मिळून 4.8 मिलिमीटर, खर्ची पडतात आणि मध्ये 6.51 मिलिमीटर उरतात. वरच्या ठोकळ्याच्या पोटातली नळी बरोबर एवढ्याच जाडीची करायची, की ती चार बटणांच्या मधोमध बसते आणि चौघांनाही एकाच वेळी टेकते. भिंतीचा हिशेबही असाच आहे: बटणाच्या केंद्रापासून त्याच्या 8 मिलिमीटरच्या चौकोनी घराच्या सीमेपर्यंत 4 मिलिमीटर, त्यातून त्रिज्येचे 2.4 गेले की 1.6 उरतात, आणि शेजारचा ठोकळा घासू नये म्हणून बाहेरून 0.1 सोडला की भिंतीला 1.5 मिलिमीटर मिळतात. यातली मला सर्वांत मोहक वाटणारी गोष्ट पुढे आहे. आठ बटणांच्या ठोकळ्यावर तसाच दुसरा ठोकळा दाबला की कोपऱ्यातले बटण दोन भिंतींना आणि एका नळीला टेकते, तर मधले बटण एका भिंतीला आणि दोन नळ्यांना. प्रत्येक बटणाला स्पर्शबिंदू तीनच! वर्तुळाला जागेवर जखडायला जेवढे लागतात तेवढेच. एक कमी नाही की एक जास्त नाही.

परंतु वरच्या हिशेबाने नळी बटणाला केवळ स्पर्श करते, आणि नुसत्या स्पर्शाने पकड येत नाही. पकड येण्यासाठी जागा हेतुतः किंचित कमी ठेवावी लागते, म्हणजे बटण आत शिरताना भिंत आणि नळी थोडी ताणली जाते, मूळ जागी परतू पाहते आणि त्या धडपडीत बटणाला दाबून धरते. या दाबाला घर्षणांकाने गुणले की पकड मिळते. आपल्याकडे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत बेअरिंग शाफ्टवर ठोकून बसवतात त्याला प्रेस फिट म्हणतात. हे त्याचेच धाकटे भावंड आहे. समजा, ही हेतुपुरस्सर अडचण 0.04 मिलिमीटर ठेवायची आहे आणि बटण व नळी या दोन्हींच्या मापांत प्रत्येकी 0.02 मिलिमीटरची चूक होऊ शकते. दोन्ही चुका एका दिशेला झाल्या तर अडचण शून्य होते आणि ठोकळा गळून पडतो. उलट दिशेला झाल्या तर ती 0.08 होते आणि दाब दुप्पट होऊन तुकडा सोडवायला दातांची मदत घ्यावी लागते. एकाच खोक्यात सैल आणि घट्ट असे दोन्ही प्रकारचे तुकडे का सापडतात, त्याचे उत्तर एवढ्यात आहे.

भिंतीची जाडी याहून कडक परीक्षा घेते. वाकणाऱ्या पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो, म्हणून 1.5 ऐवजी 1.2 मिलिमीटरची भिंत केली तर जाडी पाचव्या हिश्शाने कमी होते, पण ताठपणा मात्र 0.8 च्या घनाइतका, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येतो. प्लास्टिक वाचवण्याचा मोह सर्वांनाच होतो, लेगोलाही झाला. तिच्या हल्लीच्या अनेक ठोकळ्यांच्या भिंती पातळ आहेत, परंतु जिथे बटण टेकते नेमक्या तिथे आतून एक बारीक उभी कणी ठेवून ती उणीव भरून काढलेली आहे. ठोकळा उलटा करून उजेडात धरा, दिसेल. स्वस्त ठोकळ्यांत भिंत पातळ असते आणि कणी कधी असते, कधी नसते.

हे झाले पहिल्या दिवसाचे. सहा महिन्यांनी काय होते, ते पाहण्यासाठी प्लास्टिकच्या आत डोकवावे लागते, आणि इथे वाचकाने थोडा धीर धरावा. लेगोने 1963 पासून आधीचे सेल्युलोज ॲसिटेट सोडून एबीएस हे प्लास्टिक वापरायला सुरुवात केली. त्यात ॲक्रिलोनायट्राइल आणि स्टायरीन यांच्या कडक गाभ्यात ब्युटाडाईन रबराचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. ताण आला की प्रत्येक कणाभोवती असंख्य केसासारख्या चिरा उमटतात आणि ताणाची ऊर्जा त्यांत वाटली जाऊन एकच मोठी भेग पडायचे टळते; तुकडा वाकवल्यावर दिसणारी पांढरी रेघ ती हीच. आता ताणलेली भिंत तशीच ताणलेल्या अवस्थेत राहू दिली, तर लांबी न बदलताही आतला ताण हळूहळू उतरत जातो, कारण एकमेकींत गुंतलेल्या लांबलचक रेणुसाखळ्या सरकून आपापली सोय लावून घेतात. ही उतरण साधारणपणे लॉगरिदमच्या चालीने होते: पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जेवढी, तेवढीच पुढे दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. साखळ्या आखूड असतील तर त्या लवकर सरकतात. एकदा वितळवून वापरलेला प्लास्टिकचा दाणा पुन्हा वितळवला, ज्याला धंद्यात रिप्रो म्हणतात, की उष्णतेने आणि घुसळणीने साखळ्या तुटतात व रबरातले दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनला बळी पडतात. व्हर्जिन, म्हणजे कोऱ्या, दाण्याचा आणि रिप्रो दाण्याचा ठोकळा दुकानात सारखाच घट्ट वाटू शकतो. फरक दिवाळीनंतर कळतो. अर्थात नाव मोठे म्हणून प्लास्टिक अमर होत नाही. लेगोच्याही काही वर्षांतले तपकिरी तुकडे ठिसूळपणासाठी चाहत्यांत कुप्रसिद्ध आहेत.

याच ठिकाणी एका आकड्याची हवा काढून घेतली पाहिजे. 'हे ठोकळे दोन-चार मायक्रॉनपर्यंत अचूक असतात' असे वाक्य भक्तिभावाने उच्चारले जाते. तो आकडा पोलादी साच्याचा आहे, ठोकळ्याचा नव्हे. एबीएस दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे 90 दशलक्षांश पट प्रसरण पावते, म्हणून 31.8 मिलिमीटर लांबीचा ठोकळा तापमान 10 अंशांनी वाढले की जवळजवळ 0.03 मिलिमीटरने, म्हणजे 30 मायक्रॉनने, वाढतो. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तो किती बदलत असेल, हे वाचकानेच काढावे. पकड तरीही टिकते, कारण बटण आणि नळी एकाच द्रव्याची असल्याने दोघे एकाच प्रमाणात फुगतात. शिवाय साच्यातून निघताना एबीएस सुमारे अर्ध्या टक्क्याने आक्रसते. त्या अर्ध्या टक्क्याची सोय साच्यात आधीच करता येते. परंतु आक्रसण्यातच दर खेपेला दशांश टक्क्याचा फरक पडू लागला, तर पुन्हा तेच 0.03 मिलिमीटर समोर उभे राहतात. हा फरक दाब, तापमान आणि थंड होण्याचा वेळ यांवर ठरतो, आणि तुकडा दोन सेकंद आधी बाहेर काढणाऱ्या कारखान्याची बचत तिथेच होते. त्यामुळे 'चिनी म्हणजे टाकाऊ' हे मत नव्या मोटारीच्या चाकाखाली लिंबू ठेवण्याइतकेच शास्त्रीय आहे. लेगोचा स्वतःचा एक कारखाना 2016 पासून चीनमधल्या ज्याशिंगमध्ये चालू आहे, आणि गोब्रिक्स हा चिनी कारखाना अनेक ब्रँडना जे तुकडे पुरवतो त्यांच्या पकडीत मला तरी खोट काढता आलेली नाही.

घरापेक्षा किंवा किल्ल्यापेक्षा मोटार ही अधिक कठोर परीक्षक असते. बटणांच्या ठोकळ्यांची मोटार बनवताना गोलाई साधण्यासाठी तुकडे आडवे लावतात, आणि त्यामागे 3.2 मिलिमीटर जाडीच्या पाच पट्ट्या म्हणजे बरोबर 16 मिलिमीटर, अर्थात दोन बटणांची रुंदी, हे समीकरण असते. पट्टी 3.22 भरली तर पाच पट्ट्यांत 0.1 मिलिमीटर वाढतो आणि बाजूचा पत्रा फुगलेला दिसतो. भोके आणि पिना असलेल्या, मेकॅनो या धातूच्या पट्ट्यांच्या जुन्या खेळण्याच्या वंशातल्या मोठ्या मोटारींत तर चुकांची साखळीच तयार होते. लेगोची 2018 ची बुगाटी शिरॉन 3599 तुकड्यांची आणि 56 सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे 8 मिलिमीटरची 70 घरे एका ओळीत. अशा मोटारीत स्टिअरिंगपासून चाकापर्यंत अधिकाच्या चिन्हासारख्या आडव्या छेदाच्या दांड्या, सांधे आणि दंतचक्रे यांची रांग असते. समजा, वाटेत सहा सांधे आहेत आणि प्रत्येकात दांडी दोन अंश मोकळी फिरते. मग स्टिअरिंग बारा अंश फिरेपर्यंत पुढच्या चाकांना त्याचा पत्ताच लागत नाही. उलट भोके घट्ट असतील तर घर्षण साठत जाते, लांब दांडी पिळवटते आणि गिअरबॉक्स अडकतो. पिनेच्या बाबतीत सैलपणा आणि घट्टपणा हे दोन्ही दोषच आहेत, हे पहिल्यांदा मोटार बांधणाऱ्याला तीनशेव्या तुकड्यानंतर, सगळे उकलताना समजते.

दिसण्याच्या बाबी मी थोडक्यात उरकतो. रंगाचा गोळीदाणा पांढऱ्या दाण्यात यंत्रावरच मिसळला जातो तेव्हा दोन खेपांच्या लाल रंगांत फरक राहू शकतो, आणि मोटारीच्या सलग पृष्ठभागावर तो लगेच डोळ्यांत भरतो. या दोषातून महागडा ब्रँडही सुटत नाही. प्लास्टिक जिथून साच्यात शिरते तिथला टिंब चांगले कारखाने दडवतात, आळशी कारखाने बॉनेटच्या मधोमध ठेवतात. खुणा आणि अक्षरे चिकटपट्टीऐवजी थेट छापण्यात कोबी लेगोच्या पुढे आहे, आणि तिच्या छोट्या ट्राबांटवर, म्हणजे पूर्व जर्मनीतल्या जुन्या मोटारीच्या प्रतिकृतीवर, ते खुलूनही दिसते.

टायरकडे मात्र नाक लावून पाहावे. चांगले टायर एका लवचीक, स्टायरीन-आधारित रबरासारख्या द्रव्याचे असतात, तर स्वस्त टायर पीव्हीसीला तेलकट द्रव्ये घालून मऊ केलेले असू शकतात. ती द्रव्ये कालांतराने बाहेर झिरपतात, आणि टायर ज्या चकतीवर चढवला आहे तिचे एबीएस चिकट होऊ लागते. त्यांपैकी थॅलेट गटातली काही मुलांच्या दृष्टीनेही घातक मानली जातात, म्हणून भारतात आयएस 9873 या मानकात त्यांच्यावर मर्यादा आहे आणि 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. उग्र वासाचा, चिन्ह नसलेला संच मी स्वस्तातही घेत नाही.

पकड घरीही मोजता येते. एक ठोकळा टेबलाच्या कडेबाहेर आलेल्या फळीला बटणे खाली करून पक्का चिकटवावा, त्याच्या बटणांवर दुसरा ठोकळा दाबून बसवावा, त्याला दोऱ्याने प्लास्टिकची पिशवी टांगावी आणि ठोकळा सुटेपर्यंत तीत चमच्याचमच्याने पाणी घालून मग ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी. एका ब्रँडच्या निदान दहा ठोकळ्यांवर हे करावे आणि सरासरीकडे फारसे न पाहता सर्वांत सैल व सर्वांत घट्ट यांच्यातले अंतर पाहावे, कारण साच्याची आणि थंड करण्याच्या घाईची कहाणी त्या अंतरात असते. मग तेच ठोकळे जोडून महिनाभर ठेवावेत आणि प्रयोग पुन्हा करावा. माझ्या दुसऱ्या मोटारीच्या दाराचे दुखणे शेवटी बिजागरीतल्या दोन पिनांचे निघाले. पहिल्या मोटारीच्या उरलेल्या सुट्या पिना तिथे बसवल्यावर दार आता अर्ध्यावरही थांबते. बॉनेटच्या पिना अजून बदलायच्या आहेत.