युद्ध महिनाभराचं, आणीबाणी सव्वापाच वर्षांची

आणीबाणी म्हटलं की आपल्याला जून १९७५ आठवतो. मध्यरात्रीच्या अटका, अग्रलेखाच्या कोऱ्या जागा, येरवड्यातले मिसाबंदी, म्हणजे ‘मिसा’ या चौकशीविना डांबण्याच्या कायद्याखालचे कैदी. त्याबद्दल इतकं लिहून झालंय की इथे पुन्हा सांगत नाही. पण त्या रात्री देशात एक आणीबाणी आधीपासूनच चालू होती, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा जाहीर झालेली. ते युद्ध १३ दिवसांत संपलं आणि घोषणा मात्र मार्च १९७७ पर्यंत तशीच राहिली. त्याही आधीची १९६२ ची. पायंडा खरा तिथे पडला.

घोटाळा शब्दातच आहे. मूळ राज्यघटनेच्या कलम ३५२ मध्ये आणीबाणीची तीन कारणं होती: युद्ध, परकीय आक्रमण आणि अंतर्गत अशांतता. आपण मनात त्यांची वाटणी करून ठेवली आहे. पहिल्या दोन खऱ्या, देशासाठीच्या, तिसरी सत्तेसाठीची. म्हणून ७५ च्या आणीबाणीवर चर्चा होते आणि ६२ ची ‘तेव्हा इलाज नव्हता’ या एका वाक्यात संपते. मला ही वाटणी पटत नाही. चौकशीविना तुरुंगात बसलेल्या माणसाला या दोन आणीबाण्यांतला फरक कोठडीच्या आतून दिसत नव्हता.

युद्धाच्या नावावर घेतलेले अधिकार युद्धानंतर परत न करण्याची सवय इंग्रजांची. १९१५ चा भारत संरक्षण कायदा युद्ध संपल्यावर सहा महिन्यांनी संपायचा होता, म्हणून १९१९ मध्ये रौलट कायदा आला. १९३९ मध्ये भारताला न विचारता भारत युद्धात ओढला गेला आणि संरक्षण नियम पुन्हा लागू झाले. त्या नियमांपुढे ऑक्टोबर १९४० मध्ये पवनारला जे घडलं ते आजही वाचताना अंगावर येतं. वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला माणूस, विनोबा भावे, उभा राहिला आणि म्हणाला, की या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे. बस्, एवढंच. चार दिवसांनी अटक, मग तीन महिन्यांची शिक्षा. पुढच्या सत्याग्रहींनी तर दिवस, वेळ, ठिकाण अधिकाऱ्यांना आधी कळवून तेच वाक्य म्हणायचं आणि पकडलं जायचं. १९४१ च्या मध्यापर्यंत असे २० हजारांहून जास्त लोक आत गेले. मागणी स्वराज्याची नव्हती, युद्धाला नाही म्हणता यावं एवढीच होती.

१९४३ मध्ये मुंबई इलाख्यातल्या एका स्थानबद्धाच्या खटल्यात संघ न्यायालयानं स्थानबद्धतेचा नियम २६ बेकायदा ठरवला. सरकारनं लगोलग वटहुकूम काढून तो पुन्हा उभा केला.

याच नियमांखाली तुरुंग भोगलेली माणसं पुढे घटना समितीत होती, तरी त्यांनी कलम ३५८ आणि ३५९ लिहिली. पहिल्यानं आणीबाणीत कलम १९ ची भाषण, सभा वगैरे स्वातंत्र्यं आपोआप थांबतात. दुसऱ्यानं हक्कांसाठी कोर्टात जायचा दरवाजा सरकार बंद करू शकतं. हे दुसरं कलम ऑगस्ट १९४९ मध्ये मंजूर झालं, तेव्हा एका सदस्यानं तो दिवस शरमेचा आणि दुःखाचा असल्याचं सभागृहात सांगितलं होतं.

आता १९६२. चीनचा हल्ला २० ऑक्टोबरला, आणीबाणी २६ ला आणि त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींच्या आदेशानं कलम २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतलं संरक्षण) यांसाठी कोर्टाची दारं बंद झाली. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. लढाई महिनाभराची. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला.

का नाही उठवली? सरकारचं म्हणणं होतं की शत्रू सीमेवर आहे, धोका टळलेला नाही. पहिल्या हिवाळ्यात ते खोटं नव्हतं. सैन्य खिळखिळं झालं होतं, लोक घाबरलेले होते, बायका अंगावरचं सोनं संरक्षण निधीला देत होत्या. पण सीमेवर धोका असणं आणि देशातल्या माणसाला कारण न दाखवता डांबणं यांचा संबंध काय, याचं उत्तर त्या सव्वापाच वर्षांत समाधानकारक मिळालं नाही. उलट १९६३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीनं भाषणस्वातंत्र्यावर ‘सार्वभौमत्व आणि अखंडता’ हे कायमचं बंधन आलं.

भारत संरक्षण नियमांतल्या स्थानबद्धतेच्या नियम ३० खाली कोणाला धरलं होतं? त्यातला एक मुंबईच्या तुरुंगात होता. त्यानं आत बसून, सरकारच्या परवानगीनं, मराठीत पुस्तक लिहिलं. विषय अणूचं अंतरंग, मूलकण. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या म्हणाला, तर राज्य सरकार नाही म्हणालं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी अनुक्रमणिका पाहिली. त्यात विज्ञानच होतं. सरकार तरी सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे सांगितलं, की स्थानबद्धाला आदेशात लिहिलेल्या सवलती तेवढ्याच मिळतात, बाकी हक्क नाहीत. न्यायालयानं ते मानलं नाही. कायद्यानं जे बंधन घातलेलं नाही ते तुरुंगाधिकाऱ्याला घालता येत नाही, असा निकाल दिला.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपलं सैन्य लाहोरच्या दिशेनं सीमा ओलांडत होतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक निकाल आला, एका विरोधी नेत्याच्या बिहारमधल्या स्थानबद्धतेवरचा. नियमात शब्द होते ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. आदेशात लिहिलं होतं ‘कायदा आणि सुव्यवस्था’. ऐकायला सारखंच. न्यायालयानं एकात एक तीन वर्तुळं कल्पायला सांगितलं: सर्वांत मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचं. कायदा मोडण्याची प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळात जात नाही. आदेश रद्द झाला, माणूस सुटला. युद्ध ऐन भरात असताना न्यायालयानं सरकारला शब्दाचा हिशेब मागितला आणि त्यानं सीमेवर काही बिघडलं नाही. ६५ चा हा भाग आपल्या युद्धकथांत कुठेच येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणूनच २८ एप्रिल १९७६ चा निकाल जास्त बोचतो. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी मिसाबंदींच्या बाजूनं, त्यांना कोर्टात दाद मागता येते असा, कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं तो फिरवला. तो निकाल चुकीचा होता हे अधिकृतपणे म्हटलं गेलं ते २०१७ मध्ये.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला, दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी लावली आणि कलम २० (शिक्षेबाबतचं संरक्षण) व २१ कोणत्याही आणीबाणीत हात न लावण्याजोगी केली. १९६२ सारखी घोषणा आता वर्षानुवर्षं नुसती पडून राहू शकत नाही. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, आणीबाणी लावलीच गेली नाही आणि युद्ध तरीही लढलं गेलं.

कलम ३५८ मात्र युद्धापुरतं तसंच ठेवलं आहे. युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणानं घोषणा झाली, की कलम १९ आजही त्याच क्षणी थांबतं. अट एवढीच की कायद्यात त्याचा आणीबाणीशी संबंध असल्याचा उल्लेख हवा. पवनारचं ते वाक्य अशा दिवसांत कोणी पुन्हा म्हटलं आणि असा कायदा आड आला, तर त्याला भाषणस्वातंत्र्याच्या कलमावर बोट ठेवता येणार नाही.