मंगळ मागे फिरला तेव्हा

२०२५ च्या जानेवारीत साताऱ्यातल्या गोडोलीत एका ओळखीच्या घरी ठरलेला साखरपुडा पुढे ढकलला. कारण, मंगळ वक्री. त्या घरातल्या काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "ग्रह मागं फिरतो म्हणजे खरंच वळतो का रे? का नुसतं पंचांगात लिहित्यात?" सूर्यमालेबद्दल माणसाला जे कळलं, त्यातलं बरंचसं नेमक्या याच प्रश्नामागे लागून कळलं आहे.

पंचांगातली नोंद खरीच होती. डिसेंबरच्या सुरुवातीपासून मी गच्चीवरून दर आठवड्याला आलेखाच्या कागदावर मंगळाचा ठिपका मांडत होतो. पुष्याजवळ तो थबकला, मग उलटा पश्चिमेकडे सरकत जानेवारीत पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या रांगेत आला आणि २४ फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा सरळ चालू लागला. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दोन मुठी, म्हणजे सुमारे १९ अंश तो मागे गेला.

पुण्याहून साताऱ्याकडे येताना पाचवडच्या आसपास एसटी उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकते. तेव्हा खिडकीतून ट्रॅक्टरकडे आणि त्याच्यामागच्या चंदन-वंदन डोंगरांकडे एकदम बघा. ट्रॅक्टर पुढेच चाललेला असतो, पण डोंगराच्या पार्श्वभूमीवर तो मागे सरकताना दिसतो. आतल्या कक्षेतली वेगवान पृथ्वी आपली एसटी, मंगळ ट्रॅक्टर, आणि तारे चंदन-वंदन. दर २६ महिन्यांनी आपण मंगळाला असं मागे टाकतो. आर्यभटाने ४९९ साली नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, हा दाखला पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यासाठी दिला होता. ग्रहांच्या वक्री गतीसाठी मात्र प्राचीन ग्रीक परंपरेतल्या टॉलेमीनेही आणि आपल्या जुन्या खगोलगणित्यांनीही वर्तुळावर वर्तुळं रचली. १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्य मध्ये ठेवला आणि वक्री गती आपोआप सुटली. पण कक्षा गोलच असणार, हा हट्ट त्यालाही सोडवला नाही.

तो हट्ट जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मोडला, आणि कसा, ते मला कितीही वेळा सांगायला आवडतं. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने दुर्बिणीशिवाय घेतलेल्या मंगळाच्या नोंदी त्याच्या हाती होत्या. गोल कक्षा धरून केलेलं गणित त्या नोंदींपासून ८ कलांनी चुकत होतं. ६० कलांचा एक अंश, म्हणजे ही चूक पौर्णिमेच्या चंद्राच्या पाव रुंदीएवढी. दुसऱ्या कुणी ती सोडून दिली असती. केप्लरला टायकोच्या नोंदींवर विश्वास होता, म्हणून त्याने कित्येक वर्षांचं स्वतःचं गणित बाजूला ठेवलं.

अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर किती लांब आहे, हे न चढता काढायचं असेल तर पोवई नाक्यावरून आणि गोडोलीतून त्याच्या दिशा घ्यायच्या. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर माहीत असलं की दोन रेषा जिथे छेदतात तिथे टॉवर. मंगळाची अडचण अशी, की हा टॉवर चालतो. पण ६८७ दिवसांनी तो सूर्याभोवतीच्या त्याच जागी परत येतो. तोवर पृथ्वीच्या दोन फेऱ्या पुऱ्या व्हायला ४३ दिवस कमी असतात, म्हणजे आपण वेगळ्या जागी उभे असतो. मिळाल्या दोन दिशा! त्यात पृथ्वीची स्वतःची कक्षाही नीट ठाऊक नव्हती. म्हणून केप्लरने आधी उलटं केलं. ६८७ दिवसांच्या अंतराने मंगळाला स्थिर कंदील मानून पृथ्वीच्या जागा काढल्या, आणि मग त्या जागांवरून मंगळाच्या.

निघाली ती कक्षा बाजूंनी जराशी चेपलेली. तिची रुंदी लांबीपेक्षा अर्धा टक्काही कमी भरत नाही, कागदावर डोळ्यांना ती वर्तुळच दिसेल. सूर्य मात्र केंद्रापासून अर्ध्या लांबीच्या नऊ टक्के सरकलेला, लंबवर्तुळाच्या एका नाभीत, म्हणजे लांबीच्या रेषेवरच्या दोन खास बिंदूंपैकी एकावर. हे १६०९ साली छापून आलं. त्यावरून न्यूटनचं १६८७ चं गुरुत्वाकर्षण, आणि त्या गणितातून १८४६ मध्ये सापडलेला नेपच्यून.

दाभोलकरांच्या साताऱ्यात अजून मंगळापायी पोरींची लग्नं अडतात, याचं मला फार वाईट वाटतं. आपलं मंगळयान २०१४ साली तिथे पोचलं ते केप्लरच्याच नियमांनी आखलेल्या वाटेने, आणि एका पोरीच्या पत्रिकेत मात्र तोच मंगळ 'कडक' ठरतो.

काकूंना मी ट्रॅक्टर सांगितला. त्यांनी लगेच विचारलं, "मग तो किती लांब, ते आपल्याला काढता येईल का?" येईल. १६ जानेवारी २०२५ ला मंगळ सूर्याच्या बरोबर समोर, पुनर्वसूजवळ होता. त्यात ६८७ दिवस मिळवले की ४ डिसेंबर २०२६ येतो. त्या दिवशी मंगळ सूर्याभोवतीच्या त्याच जागी असेल, पण मध्यरात्रीनंतर आपल्याला दिसेल तो मघा ताऱ्यापाशी, पहिल्या दिशेपासून सुमारे ३६ अंशांवर. कागदावर सूर्य आणि त्याभोवती पृथ्वीचं वर्तुळ काढून, त्यावर त्या दोन तारखांच्या पृथ्वीच्या जागा ४३ अंशांच्या अंतराने मांडा. पहिलीतून पुनर्वसूकडे आणि दुसरीतून मघेकडे रेषा ओढा. सूर्यापासून, पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण १.६ ते १.७ पट लांबीवर त्या छेदतील. काकूंच्या नातवाने त्यासाठी कंपासपेटी आत्ताच माझ्याकडे आणून ठेवली आहे.