उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करू नका

‘ऊन वाढलं की हवा तीन-चार पॉइंट कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो उलटा आहे आणि धोक्याचाही.

तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब जेमतेम १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक, बोलीत ‘पॉइंट’) वाढतो. धावत्या टायरमध्ये तो ४-५ पीएसआयने वाढला, तरी टायर ते धरूनच बनवलेला असतो. खरी अडचण कमी हवेची. टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्यातून आतल्या आत उष्णता साठते, रबर आणि धाग्यांचे थर सुटू लागतात, आणि भर वेगात टायर फुटतो. नक्षी मधे शाबूत पण दोन्ही कडांना झिजलेली दिसली, तर गाडी कमी हवेवर चालली आहे असं समजा.

हवा किती भरायची याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असतानाच मोजा. गरम टायरमधली हवा तर कधीच सोडू नका, गार झाल्यावर ती कमी पडते. गाडी पूर्ण भरणार असाल तर स्टिकरवरचा जास्त वजनाचा आकडा घ्या, तो बहुधा मागच्या चाकांना वेगळा असतो. स्टेपनीही तपासा.