सुलभ विसरण की सक्रिय वहन? ग्लुकोजच्या मागे जाऊन पाहू

पेशीच्या आतबाहेर पदार्थ नेण्याच्या या दोन रीती. दोन्हींत पेशीपटलातलं प्रथिन लागतं, दोन्ही ठरावीक रेणूंनाच वाट देतात, आणि दोन्हींचा वेग एका मर्यादेपुढे वाढत नाही. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतल्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वर्गांत ‘वाहक प्रथिन आहे, म्हणजे सक्रिय वहन’ हे उत्तर बिनधास्त लिहिलं जातं. ते चूक आहे. वेगाच्या आलेखातली सपाट झालेली रेषा एवढंच सांगते की सगळी प्रथिनं कामात गुंतली आहेत. ऊर्जा खर्च झाली की नाही, हे त्या रेषेवरून कळत नाही.

फरक दिशेत आहे. सुलभ विसरणात पदार्थ जास्त संहतीकडून, म्हणजे जिथे तो दाट आहे तिथून, कमी संहतीकडे जातो आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या की निव्वळ वहन थांबतं. सक्रिय वहन उलट्या दिशेनेही नेतं. पेशीबाहेर सोडियम लिटरला सुमारे 140 मिलिमोल, आत 10-15. तरी सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीमागे, म्हणजे पेशीच्या एका ऊर्जा-रेणूमागे, 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी यामागचं विकर (एन्झाइम) 1957 मध्ये मांडलं, नोबेल मिळायला 1997 उजाडलं. ऐरोलीच्या खाडीकाठी तिवराच्या पानांवर दिसणारे मिठाचे कणही असेच, लवणग्रंथींनी ऊर्जा खर्चून बाहेर काढलेले.

रक्तातल्या तांबड्या पेशीत ग्लुकोज ग्लुट-1 या वाहक प्रथिनातून शिरतं. हे निव्वळ सुलभ विसरण. आत आल्या आल्या हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडतं, मग ते ग्लुट-1 मधून परत जाऊ शकत नाही आणि आतली मोकळ्या ग्लुकोजची संहती कमीच राहते. या जोडणीत एटीपी खर्च होतो, आणि मुलं नेमकी इथे फसतात. तो खर्च ग्लुकोज आत आल्यानंतरचा आहे, पटल ओलांडण्याचा नाही.

थंडी ही वेगळं ओळखायची कसोटी नाही. गारव्यात दोन्ही मंदावतात. मात्र परिणाम वेगळे दिसतात. रक्तपेढीत तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवतात, तिथे पंप जवळपास थंडावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेरच्या द्रवात झिरपतं. जुनी पिशवी नवजात बाळाला भराभर द्यायची नाही, यामागे हेही एक कारण आहे. खरी कसोटी एटीपीचा पुरवठा तोडण्याची. ग्लुट चालूच राहतो, पंप बंद पडतो.

आतड्यात मात्र प्रकरण गुंतागुंतीचं होतं. तिथल्या पेशीच्या पोकळीकडच्या बाजूला एसजीएलटी-1 हे वाहक प्रथिन दोन सोडियमसोबत एक ग्लुकोज ओढून घेतं, तेही चढावर, म्हणजे जास्त संहतीकडे. ते स्वतः एटीपी फोडत नाही, म्हणून अनेकजण त्याला सुलभ विसरणात टाकतात. सोसायटीत नळ उघडताना वीज लागत नाही, पण गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवल्याचं बिल आलेलंच असतं. इथे ते बिल रक्ताकडच्या बाजूचा सोडियम पंप भरतो. म्हणून हे दुय्यम सक्रिय वहन. एटीपीचा पुरवठा तोडला तर ते लगेच थांबत नाही, सोडियमचा उतार संपेल तसं मंदावतं. पेशीत साठलेलं ग्लुकोज पुढे रक्तात उतरतं ते ग्लुट-2 मधून, म्हणजे सुलभ विसरणाने. रेणू एक, पेशी एक, रीती दोन.

औषधांतही हाच भेद आहे. मधुमेहावरचं डॅपाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडातला एसजीएलटी-2, म्हणजे एसजीएलटी-1 चाच भाऊबंद, अडवतं, म्हणून लघवीतून साखर जाते. इन्सुलिन स्नायूपेशीच्या पटलावर ग्लुट-4 आणून बसवतं, म्हणजे सुलभ विसरणाचीच दारं वाढवतं.

जुलाबात द्यायचं ओआरएसही एसजीएलटी-1 वरच चालतं. एका लिटरमध्ये 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही 75 मिलिमोल. नुसत्या मिठाच्या पाण्यात सोडियमला हा जोडीदार मिळत नाही. घरी करायचं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे लिटरचं पाकीट 200 मिलिलिटरच्या पेल्यात ओतणं. 245 ऑस्मोलॅरिटीचं (म्हणजे विरघळलेल्या कणांच्या एकूण संहतीचं) द्रावण 1225 वर जातं, पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. सोडियमही पाचपट, म्हणजे 375 मिलिमोल होतं. छोटं पाकीटही मिळतं, तेच 200 मिलिलिटरसाठी असतं. पाकिटावरचं पाण्याचं माप आधी वाचावं, मग पाकीट फोडावं.