दंडघेर मापन

दंडघेर मापन : सहा महिने ते पाच वर्षे (५९ महिने पूर्ण) वयाच्या बालकांतील तीव्र कुपोषण प्राथमिक चाळणीत ओळखण्यासाठी दंडाच्या मध्यावरील घेर पट्टीने मोजण्याची मानवमितीय (शरीराची मापे घेण्याची) पद्धत. घेर ११५ मिमी.पेक्षा कमी भरल्यास बालक अतितीव्र कुपोषित, तर ११५ मिमी. किंवा अधिक पण १२५ मिमी.पेक्षा कमी भरल्यास मध्यम तीव्र कुपोषित समजले जाते. दोन्ही पावलांवर सूज असेल, म्हणजे अंगठ्याने काही सेकंद दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर घेर कितीही असला तरी बालकाची गणना अतितीव्र गटात होते.

पद्धतीचा उगम नेमका कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. डी. बी. जेलिफ यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६६ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेमुळे हे माप सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात रुळले, असे सामान्यतः मानतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातील यादवी युद्धात मदतकार्य करणाऱ्या क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) पथकांनी ‘क्वाक काठी’ वापरली. तिच्यावर उंचीच्या खुणांऐवजी दंडघेराचे आकडे लिहिलेले असत आणि आपल्या घेराच्या आकड्यापेक्षा उंच भरणारे मूल कुपोषित ठरे. घेराची उंचीशी सांगड घालणारी ही काठी आजच्या पट्टीची थेट पूर्वज मानण्यापेक्षा समांतर प्रयोग मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आजच्या पट्टीशी खरे साम्य आहे ते ए. शाकिर आणि डेव्हिड मॉर्ली यांनी १९७४ मध्ये पुढे आणलेल्या तीनरंगी पट्टीचे. तिच्यामुळे आकडे वाचता न येणाऱ्यासही लाल, पिवळा व हिरवा या रंगांवरून निर्णय करता येऊ लागला. तिच्या सीमारेषा १२५ व १३५ मिमी. अशा आजच्यापेक्षा वरच्या होत्या. अतितीव्र गटाची नंतर रूढ झालेली ११० मिमी.ची मर्यादा २००६ च्या वाढ मानकांनंतर (बालकांच्या वाढीची संघटनेने ठरवलेली संदर्भमापे), २००९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या संयुक्त निवेदनाने ११५ मिमी.वर आणली.

एक ते पाच वर्षांच्या दरम्यान दंडघेर फारसा वाढत नाही, या निरीक्षणावर वयनिरपेक्ष मर्यादेचा आधार उभा आहे. हे निरीक्षण ढोबळमानानेच खरे असून एकच आकडा सर्वांना लावल्यास लहान वयाची बालके अधिक प्रमाणात निवडली जातात. मृत्यूचा धोका लहान वयातच अधिक असल्याने अनेक अभ्यासक याला दोष न मानता गुण मानतात, आणि या मताला अधिक आधार आहे असे दिसते.

मोजताना डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याचे हाड व कोपराचे टोक यांच्या मध्यावर खूण करतात. मग हात सरळ, सैल सोडून पट्टी त्वचेला नुसती टेकेल इतपत गुंडाळतात. पट्टी आवळली की मऊ ऊती दबून घेर कमी भरतो, सैल राहिली की कुपोषित मूल निसटते. मर्यादेजवळच्या बालकात दोन-तीन मिमी.च्या फरकानेही गट बदलतो.

उंचीच्या मानाने वजन हा दुसरा निकष आहे. त्यात वाढ मानकाच्या मध्यकापासून (त्या उंचीच्या बालकांच्या मधल्या वजनापासून) तीन प्रमाण विचलनांहून (मापांच्या पसरणीचे एकक) अधिक खाली असणारे बालक अतितीव्र कुपोषित ठरते. त्यासाठी तराजू, उंची मोजण्याची फळी व तक्ते लागतात. दोन वर्षांखालील मूल आडवे ठेवून मोजतात, कारण उभ्याने मोजलेली उंची सुमारे ०.७ सेंमी.ने कमी भरते. दोन्ही निकष बऱ्याचदा वेगवेगळी बालके निवडतात आणि त्यांच्यातील सामाईक वाटा देशागणिक पुष्कळ बदलतो. दंडघेर एकटाच पुरेसा आहे असे मानणारा एक पक्ष आहे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत दोन्ही स्वतंत्रपणे ग्राह्य असून, जेथे तराजू व फळी उपलब्ध आहेत तेथे एकाच मापावर विसंबणे टाळणे श्रेयस्कर ठरते. वयाच्या मानाने कमी उंची, अर्थात दीर्घकालीन खुरटलेपणा, मात्र दंडघेरावरून ठरवता येत नाही.

नायजरमध्ये मातांना पट्टी देऊन केलेल्या अभ्यासांत त्यांचे वर्गीकरण प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या वर्गीकरणाशी बरेच जुळले. सहा महिन्यांखालील अर्भकांसाठी संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत सहा आठवड्यांपासून पुढे ११० मिमी.ची मर्यादा आली आहे.